जावयाने शुद्ध केलेली विहीर

सासुरवाडीला जावयाने नुसतं बसायचं असतं, आणि मला बसता येत नाही.

आम्ही राहतो भिंगारला. सासऱ्यांचं घर कर्जतच्या पुढे, वस्तीवर. मे महिन्यात मंगल, म्हणजे माझी बायको, मुलाला घेऊन आधी जाते आणि मी रजा टाकून मागून पोचतो. पोचलो की बाजेवर गोधडी अंथरतात आणि मला तिच्यावर ठेवतात (ठेवतातच!). जरा उठलो की सासूबाई विचारतात, "काय पायजे, जावईबापू?" काही नको असतं हो, फक्त उठायचं असतं! दुसऱ्या दिवशी दुपारी माझे पाय आपोआप हलायला लागतात.

त्या वर्षी आमच्या चिरंजीवांचं पोट पुन्हा बिघडलं. दर सुट्टीत बिघडायचंच, पण या खेपेला पोरगं अगदी मलूल होऊन आईच्या मांडीवर पडून राहिलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सहज विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

झालं! मला काम मिळालं.

"दादा, विहिरीचं पाणी तपासून घेऊ," मी सासऱ्यांना म्हणालो.

दादांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "कुनाच्या हिरीचं?"

"आपल्या."

"ही हीर माझ्या आज्यानं खांदली. तवापासनं समदे हेच पानी पित्यात. कुनाला काय झालं?" मग समोर जावई आहे हे आठवून त्यांनी आवाज खाली आणला. "तुमाला वाटतंय तर बघा. आमी काय म्हननार?"

याला मी परवानगी समजलो.

नगरला जाऊन एका प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली. तिथल्या बाईंनी बजावलं होतं: बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, ती विसळायची नाही, भरली की बर्फात ठेवून त्याच दिवशी परत आणायची. इतकं जपून मी मुलालासुद्धा दवाखान्यातून घरी आणलं नव्हतं!

विहिरीवर सगळं घर जमलं. मी वाकून पोहरा खाली सोडला आणि खिशातला मोबाईल त्याच्या आधी पोचला. डुबुक!

"दाजी, हलू नका!" माझा मेहुणा बाळू ओरडला, आणि शर्ट काढून, धडाधड पायऱ्या उतरून त्यानं पाण्यात उडी टाकली. जावयाचा मोबाईल म्हणजे काय चेष्टा आहे! तो खाली जायचा, मूठभर गाळ घेऊन वर यायचा, पुन्हा खाली जायचा. अखेर मोबाईल निघाला. मेलेला होता, पण निघाला.

आता शहाण्या माणसानं पाणी निवळेपर्यंत थांबायला हवं होतं. पण डब्यातला बर्फ वितळत होता आणि थांबणं हा माझा प्रांतच नाही. बाळू पायऱ्या चढून वर येतोय तोच मी पोहरा सोडला, बाटली भरली आणि सुटलो.

अहवाल आला: पिण्यास अयोग्य. मी तो ओसरीवर खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

दादा शांतपणे म्हणाले, "ह्ये पानी काडलं तवा बाळ्या आत हुता ना?"

"नाही, म्हणजे... नुकताच बाहेर आला होता."

"मंग कागदात बाळ्या अयोग्य हाय. हीर न्हाई."

"म्या सकाळीच आंगुळ केलती!" बाळू दुखावल्या आवाजात म्हणाला.

"अहो, पुन्हा एकदा तपासा ना," मंगल म्हणाली. पण मी तोवर विहिरीला फेरी मारून आलो होतो. गोठ्याच्या बाजूचा कठडा ढासळलेला, आणि तिथून शेणामुताचा ओघळ सरळ आत! आता तपासायचं काय राहिलं? मी कर्जतहून टीसीएल पावडर आणली. तीच ती, नळाच्या पाण्याला जिचा वास येतो.

"दादा, विहीर किती खोल?"

"धा परस." (माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस.)

मोबाईल बंद, म्हणून कॅलेंडरच्या मागे गुणाकार केला. बादल्यांमध्ये पावडर कालवली, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतलं आणि जाहीर केलं, "आज हे पाणी कुणीही पिऊ नका!"

सकाळी तसं सांगायची गरजच उरली नव्हती. अंगणात डोळे चुरचुरत होते. म्हशीनं हौदात नाक घातलं, फुर्रकन बाहेर काढलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी रोजच्या सवयीनं डाळिंबी लुगडं धुतलं, तर त्यावर पांढरे ढग उतरले.

"आई, फार वाईट झालं हो," मी म्हणालो.

"आसू द्या, जावईबापू," त्या लुगडं झटकत म्हणाल्या. "नक्षी बरी उठलीय."

त्या घरात मला रागवायचा अधिकार एकाच व्यक्तीला होता. तिनं मला गोठ्यामागे नेलं.

"किती पावडर टाकली?"

"दहा परसाची. हिशेबानं!"

"अहो, हीर धा परस हाय! पानी मे महिन्यात परसभर बी नसतंय!" रागात तिची भाषा सरळ माहेरची झाली होती.

त्या दुपारी, स्वतःची विहीर असलेल्या माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा टँकर मागवला. रस्त्यावरून जाणारा जो तो थांबून विचारायचा, "दादा, हीर आटली का काय?"

"न्हाई," दादा माझ्याकडे न बघता सांगायचे, "जावयानं साफ केली."

मग लाईट असेल तेव्हा मोटर चालू! विहीर उपसायची, झऱ्यांनी भरू द्यायची, पुन्हा उपसायची. मी रजा वाढवली. बाळूबरोबर कठडा बांधायला लागलो, तेव्हा "बसा" असं मला कुणीही म्हणालं नाही. दादा लांब बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते उठले आणि शेणाचा खड्डा लांब हलवायला स्वतः कुदळ घेऊन उभे राहिले.

वास गेला, पाणी नितळ झालं, आणि मी पुन्हा नमुना घेतला. त्या वेळी बाळूला लिंबोणीच्या पार पलीकडे उभं केलं होतं. या खेपेचा अहवाल मंगलनं वाचला: पिण्यास योग्य. दादांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोराचं पोट बरं ऱ्हावं. बास."

पुढच्या सुट्टीत आम्ही गेलो, तर दारातच मानाचा थाट! विहिरीचं पहिलं पाणी माझ्यासाठी काढून ठेवलेलं, भोवती सगळं घर उभं. मला भरून आलं. केलेल्या कामाची किंमत होते म्हणायची! मी फुलपात्र एका दमात रिकामं केलं. उन्हातून आलेल्या बाळूनं कळशीकडे हात नेला, तसा सासूबाईंनी तो मनगटात धरला.

"थांब रं जरा! जावईबापूंना पाच मिन्टं हुऊ दी."