सावंतकाकांच्या चेनकव्हरचा आवाज

मी अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेम्सच्या टेबलावर बसते. लोक काय काय रचून सांगतात ते वाचायचं आणि त्यावर शेरा मारायचा, हेच माझं काम. करून करून स्वभावच तसा झालाय. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी विचारते, जेवला होतास का, झोप नीट झाली होती का... त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा लाज वाटतेय. पण दोन वर्षं झाली, उत्तर सापडत नाही. आणि नंदू म्हणतो, एकदाचं लिहून टाक म्हणजे माझं डोकं खाणं थांबवशील.

नंदू म्हणजे माझा नवरा. आम्ही मुलुंडला राहतो. महिन्यातून एका रविवारी आमचा सायकलींचा ग्रुप कुठेतरी लांब जातो. नंदू कायम सगळ्यांच्या पुढे — हँडलला मोबाईल, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, पायात ते पेडलला अडकणारे बूट. आणि मी कायम सगळ्यांच्या मागे. यावरून घरात रोज एक तरी टोमणा होतो. मी मनावर घेत नाही.

खरं तर मी शेवटची नव्हतेच. शेवटी असायचे सावंतकाका. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला, आणि सगळी नोकरी अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून केलेली. सायकलवाल्यांत जो मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो त्याला स्वीप म्हणतात. आपल्या मागे कुणी राहणार नाही हे बघायचं, एवढंच त्याचं काम. ते काम काकांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते पहिल्याच दिवशी घेतलं आणि नऊ वर्षं सोडलं नाही. त्यांची सायकल काळी, जुनी, बिनगिअरची. तिचं चेनकव्हर कुठेतरी दबलं होतं, त्यामुळे पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला ते घासायचं. खर्र... खट्. खर्र... खट्. चढावर मी जीव खाऊन पेडल मारत असायचे आणि मागून तेवढा एक आवाज यायचा.

एकदा मी वैतागून म्हटलं होतं, काका, तुम्ही एवढे फिटर, पाच मिनिटांचं काम आहे, सरळ का करत नाही ते.

"तो आवाज तुज्यासाठी आसा," ते म्हणाले. "मागे बघू नको गो, मागे मी आसंय. आणि माझो आवाज थांबलो की तू पण थांब. म्हणजे समज, कोणतरी मागे रवलो."

ते खरंच स्वतःसाठी कधी थांबायचे नाहीत. तहान लागली तरी नाही. कुणाची चेन उतरली, कुणाला पेटके आले, तरच आवाज थांबायचा. मग मी थांबायचे, मी दिसले नाही की माझ्या पुढचा थांबायचा, आणि असं करत करत शेवटी नंदूपर्यंत निरोप पोचायचा. मोबाईलला रेंज नसलेल्या रस्त्यांवर आमचा ग्रुप याच पद्धतीवर चालला.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काका झोपेतच गेले. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे काका गेल्यावर मी किती रडले ते इथे सांगत नाही.

त्यानंतरची आमची पहिली लांबची राइड एप्रिलमध्ये. मुलुंड चेकनाक्यावर पहाटे पाचला आम्ही सहा जण जमलो, काकांसाठी दोन मिनिटं उभे राहिलो आणि निघालो. घोडबंदर रोडने गायमुखचा चढ, पुढे खाडीवरचा पूल, शिरसाड फाट्यावरून आत वळून वज्रेश्वरी. आता मजा बघा. सहा जणांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की आज शेवटी कोण राहणार. नऊ वर्षांत तो प्रश्नच कधी आला नव्हता.

शिरसाडहून आत गेलं की रस्ता टेकड्यांमधून वरखाली होत जातो आणि वज्रेश्वरी जवळ आली की तानसा नदी अधूनमधून सोबत करते. साडेदहा वाजले असतील. डांबर मऊ पडल्यासारखं वाटत होतं, बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम. पाचही जण पुढे दिसेनासे झालेले. नदीवरचा एक छोटा पूल ओलांडून मी एका लांबलचक चढाला लागले. मान खाली, नजर पुढच्या चाकावर.

अर्धा चढ झाला असेल, आणि मागून आवाज आला. खर्र... खट्.

मला भीती वाटली नाही, हे आधी सांगते. उलट बरं वाटलं. मी चक्क मोठ्याने म्हणाले, "काका, आज ऊन फार आहे हो." आणि म्हटल्यावर आठवलं.

मग माझ्यातली क्लेम्सवाली जागी झाली. म्हटलं, आपलीच सायकल वाजत असणार. पण माझ्या सायकलला चेनकव्हर नाही. मी हलक्या गिअरवर भराभर पेडल मारत होते आणि तो आवाज त्याच्या त्याच्या चालीने येत होता, सावकाश, बिनगिअरच्या सायकलचा यावा तसा. मी पेडल थांबवून बघितलं... तो चालूच. दुसरा कुणी सायकलवाला असेल, वळून बघावं, एवढं साधं. पण मी वळले नाही. मागे बघायचं नाही असं ठरलं होतं ना आमचं. ऊन तेच होतं, चढ तोच होता, पण मला इतकं शांत वाटत होतं की काय सांगू.

आणि आवाज थांबला.

मी पाय टेकला. सवयच तशी. मग वळून पाहिलं. खालपर्यंत रस्ता रिकामा होता, नुसतं ऊन हलत होतं. पाखरूसुद्धा नव्हतं.

काका थांबले म्हणजे कुणीतरी मागे राहिलं. पण शेवटची तर मी. माझ्या मागे कोण राहणार? चढून आलेला चढ परत उतरायचा म्हणजे सायकलवाल्याच्या जिवावर येतं, आणि मी तर किती कष्टाने चढले होते. फोन काढला, रेंज नाही. मी स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि सायकल उलटी वळवली.

पुलाजवळ आले तर कठड्याच्या पलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर एक सायकल आडवी पडलेली. नंदूची. आणि चार पावलं खाली करंजाच्या झाडाशी नंदू. टोपी भिजवायला पाच मिनिटं उतरला होता म्हणे, मग सगळ्यांना गाठलंच असतं. बाकीचे चौघे त्याला ओलांडून गेले, मीही गेले. नंदू दिसत नाही म्हणजे तो पुढेच असणार, यात कुणाला शंका येणार?

अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही. हाक मारली तर काहीतरी असंबद्ध बडबडला. मी माझा स्कार्फ नदीत बुडवून बुडवून त्याच्यावर पिळत राहिले आणि तोंडाने त्याला बोलत राहिले, काय काय ते आठवत नाही. विटा पोचवून परतणारा एक रिकामा टेम्पो थांबला. वज्रेश्वरीच्या एका दवाखान्यात सलाइन लागलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास तसेच पडून राहिले असते तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते.

संध्याकाळपर्यंत तो माणसांत आला. ग्रुपमधला घाटकोपरचा केतन त्याच्या उशाशी बसून सारखं तेच म्हणत होता, "यार भाभी, मला वाटलं हा पुढे आहे. हा पुढेच असतो ना नेहमी."

आवाजाचं मी सांगितलं ते आठवड्याने, फक्त नंदूला. तो इंजिनीअर. म्हणाला, तुला ऊन लागलं होतं. सायकल तुला जाताना ओझरती दिसली असणार, मेंदूने नोंद घेतली आणि आवाज रचला. पटण्यासारखं होतं. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही गाडी घेऊन त्याच जागी गेलो. चढाकडे जाताना पुलाच्या कठड्याआड ती पायवाट दिसतच नाही. फक्त वरून खाली येतानाच दिसते. नंदू तीनदा पुढेमागे चालून आला आणि गाडीत बसला.

परतताना तो म्हणाला, काकूंकडे जाऊया. काकांची सायकल भांडुपला जिन्याखाली होती, पुसलेली, हवा भरलेली. नंदूने स्टँडवर घेऊन पेडल फिरवलं. काहीच वाजलं नाही. चेनकव्हर एकदम सरळ.

"पुतण्या चालवता ती," काकू म्हणाल्या. "आवाज इलो की माका वाटा, हे इले. मगे दारात जाऊन बघतंय तर कोणच नाय. म्हणान बाराव्यानंतर लगेच सरळ करून घेतलंय."

म्हणजे एप्रिलमध्ये तो आवाज जगात कुठेच नव्हता. मी हे नंदूला गाडीत सांगायला गेले तर तो म्हणाला, कळलं मला.

पावसाळ्यानंतर पुतण्याने स्कूटर घेतली आणि काकूंनी आपणहून सायकल आम्हाला दिली. पहिल्या राइडच्या आदल्या दिवशी नंदू पार्किंगमध्ये पाना घेऊन बसला होता. मी चहा घेऊन खाली गेले, तर माझा इंजिनीअर नवरा चांगलं चेनकव्हर ठोकून ठोकून वाकडं करत होता. मी कप त्याच्या शेजारी ठेवला आणि सायकल धरून उभी राहिले.

आता पुढे केतन असतो. नंदू काळ्या बिनगिअरच्या सायकलवर सगळ्यांच्या मागे. त्याचा आवाज थोडा वेगळा लागतो, खट् जरा लवकर येतं. मला फरक कळतो.

आणि एखाद्या लांब चढावर, ऊन फार असलं की, कधीकधी मागून दोन आवाज येतात. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वळून पाहिलं तर मिळेलही कदाचित. पण मी मागे बघत नाही.