पाहुण्यांच्या हातून सोडलेली पहिली पिशवी

बुधवारी सकाळी साडेनऊला केनवडजवळच्या आमच्या गावतलावावर माशांची पिल्लं आली. ऑक्सिजन भरलेल्या सहा प्लास्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येकीत बोटाएवढे रोहू-कटला दाटीवाटीने फिरतायत... आम्ही अकरा जणी नुसत्या वाकून वाकून बघत होतो.

हा तलाव आमच्या महिला बचत गटाला मिळावा म्हणून दोन वर्षं अर्ज केलेत आम्ही. गटातल्या निम्म्या जणी मासे खातही नाहीत, आणि पारावर बसणारे बाप्ये "बाया कायले मासे पोसतात" म्हणून दात काढत होते. ही पिल्लं जगली नाहीत तर पुन्हा तलाव मागायला कुठल्या तोंडाने जाणार, हे आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

आता कार्यक्रम म्हटला की पाहुणे आलेच. हार, नारळ, बॅनर, माईक... सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. मी गटाची सचिव, वर दहावीच्या पोरांची विज्ञानाची शिकवणी घेते, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज आहे.

पाहुण्यांना फोन केला तर "शिरपूरपर्यंत पोचलो." अर्ध्या तासाने पुन्हा केला, तरी शिरपूरच... रात्री चांगला पाऊस झाला होता आणि आता कडक ऊन पडलं होतं. पिशव्या मी बॅनरसमोर टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, फोटोत नीट याव्यात म्हणून.

पिल्लांची गाडी घेऊन आलेले गजाननभाऊ माझ्या मागे लागले. "ताई, पिशव्या पाण्यात ठेवू द्या आधी. गरम होऊन राह्यल्या." मी म्हटलं, पाहुणे येऊ द्या हो भाऊ, मग पाण्यातच जायच्यात.

ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी चारचौघांत म्हटलं, "गाडी आणायचं तुमचं काम झालं ना? मग बाजूला व्हा जरा, बॅनर झाकतोय." हे लिहिताना आत्तासुद्धा कान तापतायत माझे.

अकरा वाजून गेल्यावर पाहुणे आले. नारळ फुटला, पिशवी कापली, आणि पाहुण्यांनी हसत हसत ती तलावात ओतली. मी मोबाईल घेऊन गुडघाभर पाण्यात उभी... फोटो अगदी हवा तसा मिळाला.

मोबाईल खाली केला आणि पायाशी बघितलं. पिल्लं पोहत नव्हती. आडवी पडली होती, पांढरी पोटं वर करून... काही नुसती जागच्या जागी गोल फिरत होती, शेपटी मारायला बघत होती आणि शेपटी हलतच नव्हती.

मागे टाळ्या चालूच होत्या. आमच्या गटाच्या अध्यक्ष सुमनकाकू काठावर आल्या आणि तिथेच चिखलात बसल्या. "मेले काय वं सारे?"

गजाननभाऊ दुसरी पिशवी घेऊन पाण्यात उतरले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "एक हात पिशवीले लावा, एक तलावात घाला." पिशवी आंघोळीच्या पाण्यासारखी कोमट लागली. आणि तलाव रात्रीच्या पावसाने गार पडलेला.

आपल्या अंगात आपली स्वतःची ऊब असते. माशाच्या अंगात ती नसते, पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग गरम. गरमातून एकदम गारात टाकलं की त्याचे स्नायू आखडतात, आणि पोहण्यासाठी जन्मलेल्या जिवाला पोहता येत नाही... मासा शीतरक्ती प्राणी आहे, हा दोन मार्कांचा प्रश्न मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. माझ्याच हातून हे व्हावं?

तेवढ्यात पाहुणे म्हणाले, अजून एक फोटो घेऊ, माझे डोळे मिटले असतील. दुसरी पिशवी घ्यायला त्यांनी हातही पुढे केला. माझं डोकं फिरलं. "नाही साहेब, मासे मरून राह्यले इथं," असं मी म्हटलं, आणि ओढणीला लावलेला माईक चालूच होता. गावभर ऐकू गेलं.

मग उरलेल्या पाच पिशव्या बंद तोंडानेच बाभळीच्या सावलीत पाण्यावर सोडल्या. अर्धा तास आम्ही अकरा जणी त्या धरून उभ्या. पाहुण्यांनी चिवडा खाल्ला आणि ते गेले, कोणी वळूनही बघितलं नाही.

नंतर गजाननभाऊंनी पिशव्यांची तोंडं उघडली, तलावाचं पाणी ओंजळी-ओंजळीने आत घेतलं. पिशवी आडवी केली तर पिल्लं आपणहून बाहेर आली आणि सुळकन खोल गेली... एकही आडवं झालं नाही. सुमनकाकू पदराने तोंड झाकून रडत होत्या.

पहिल्या पिशवीतली थोडी पिल्लं नंतर सावरली. बाकीची बगळ्यांनी आमच्या डोळ्यांदेखत उचलली.

निघताना मी गजाननभाऊंची माफी मागितली. ते गाडीचा दोर बांधत होते. "पुढच्या खेपेले पिशव्या आधी पाण्यात ठेवजा, मंग पाहुण्याले फोन करजा," एवढंच म्हणाले.

तो फोटो आता सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि दोन दिवस मला अभिनंदनाचे मेसेज येतायत. एकदा तो मोठा करून खालचा कोपरा बघा... पाण्यावर जे पांढरं पांढरं चमकतंय, ते ऊन नाही.

आणि अभिनंदन करायचंच असेल तर गजाननभाऊंचं करा. पाच पिशव्या त्यांच्यामुळे जगल्या. फोटोत ते दिसणार नाहीत, मीच त्यांना बाजूला व्हा म्हटलं होतं.