गोवा ट्रान्स आणि अप्पांची कच्ची शिलाई

अप्पा गेल्यापासून मला संगीत पोचत नाही. ऐकू येतं, पण पोचत नाही. बाप गेल्यावर माणसाचं काय काय जातं हे माझ्या आत्याला तोंडपाठ आहे. झोप जाते, भूक जाते, केस जातात. माझं यातलं काही गेलं नाही. डोळ्यांतून टिपूसही आलं नाही, आणि ते आत्याच्या मनाला फार लागलं. माझा गेला तो गोवा ट्रान्स. पण हे दुःख म्हणून चारचौघांत सांगायची सोय नाही.

कारण गोवा ट्रान्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात, समुद्र आणि गांजा. समुद्र मी एकदाच पाहिला, कंपनीच्या ट्रिपला, आणि तिथल्या हॉटेलात दोन्ही दिवस हिंदी सिनेमाची रिमिक्स गाणी वाजत होती. गांजाचं म्हणाल तर फिल्टर कॉफीच्या पलीकडे माझी मजल गेलेली नाही. मी म्हैसूरची, हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणारी, विजयनगरात आधी वडील आणि विधवा आत्या, आता नुसत्या आत्याबरोबर राहणारी, चाळिशी उलटलेली बाई. तरीही या संगीतात मला कुणी फसवू शकत नाही.

ते आमच्या घरी आलं एका पँटच्या खिशातून. आमचे पूर्वज रंगारी, आजोबा लाकडी ठशांनी कापड छापायचे. अप्पांच्या वेळेला ठसे फळीवर गेले आणि देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात फॉल-पिको, ब्लाउज, अल्टरेशन आणि थोडंफार रंगवणं एवढं उरलं. म्हैसूरला योग शिकायला परदेशी लोक येतात, इथलं झालं की गोव्याला जातात. त्यातल्या कुणीतरी एक सुती पँट गुडघ्याला ठिगळ लावायला दिली. शिवायला घेण्याआधी खिसे उलटे करायचे हा अप्पांचा नियम. खिशात एक कॅसेट निघाली, वर काही लिहिलेलं नाही. गिऱ्हाईक परत आलं नाही. अप्पांनी पँट कैक वर्षं सांभाळली. कॅसेट मी सांभाळली.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं टेपरेकॉर्डर बिघडला. मग वाटलं, नाही, हे असंच आहे. त्या वयात कॉलेजात मला एकही मैत्रीण नव्हती आणि बोलायला जीभ वळायची नाही. घरचं मराठी अर्धं कन्नड, कॉलेजचं कन्नड अर्धं इंग्रजी. या संगीतात कुणी बोलतच नव्हतं. मला ते फार बरं वाटलं.

आता माझी मतं सांगते. ज्याला पटायची नाहीत त्यानं आपल्या घरी आपलं ऐकावं. गोवा ट्रान्स म्हणजे चढण. सुरुवातीला नुसता ठोका आणि खर्जातला बास, काही घडत नाही, अधीर माणूस इथेच उठून जातो आणि जावं त्यानं. मग एक सूर येतो, वळवळत. त्यावर दुसरा. तिसरा आला की पहिला कधी बदलला ते कळत नाही. मग ठोका काढून घेतात. पायाखालची फळी काढल्यासारखं होतं, आणि तो परत येतो तेव्हा जे होतं त्याला मी तरी अजून नाव दिलेलं नाही. पोटात होतं एवढं खरं. नंतर आला तो सायट्रान्स, बास घोड्यासारखा धावणारा, सूर कमी, करामती जास्त. तोही चांगला आहे. पण करामत बघून माणूस वा म्हणतो, डोळे मिटत नाही. आणि हल्ली दर अर्ध्या मिनिटाला धडाम करून लोकांना उड्या मारायला लावतात त्याला माझ्या लेखी ट्रान्स म्हणत नाहीत, उतावळा नवरा म्हणतात.

कारखान्यात नवी पोरं भरती झाली तेव्हा त्यांतल्या चौघापाचांना हे वेड आहे असं कॅन्टीनमध्ये कळलं. त्यांना माझ्याबद्दल कळलं तेव्हा ती घास हातात धरून बघत राहिली. मग एकदा त्यांनी पार्टी ठरवली. रात्री दहानंतर आवाज चालत नाही, म्हणून भर दुपारी, हूटगळ्ळीच्याच एका रिकाम्या शेडमध्ये, खिडक्यांना काळे कागद लावून. मागे टांगायला मोठं चित्राचं कापड हवं होतं. असलं विकतचं कापड महाग पडत होतं. मी म्हटलं, माझे वडील करतील.

अप्पांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. फळीवरचे ठसे खाली उतरले. मांजरपाट आणलं, धुतलं, वाळवलं. पट्ट्या वेगवेगळ्या रंगवल्या. आमसुली, निळा, मोरपंखी, शेंदरी. त्यावर ठशांची वर्तुळं, वर्तुळात वर्तुळ. पट्ट्या मापात बसवायला कात्री लावायच्या आधी त्यांनी कापडाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. हा आमच्याकडचा रिवाज. हळद ओली कालवायची, अंगठ्यानं टेकवायची, मग कापायचं. गिऱ्हाइकं डाग पडला म्हणून ओरडतात, म्हणून अप्पा ते बोट शिवणीच्या आत जी माया सोडतात तिथे लावायचे, दुमडली की कुणाला दिसत नाही. पट्ट्या जोडताना सरकू नयेत म्हणून त्यांनी आधी हातानं पांढऱ्या दोऱ्याची लांब लांब कच्ची शिलाई घातली, मग मशीन मारली. कच्ची शिलाई उसवायची राहिली. "एक दिवसाचं कापड की पुट्टी," ते मला म्हणाले. पुट्टी म्हणजे कन्नडमधली छोटी, चाळिशीतही मी तीच. "लांबून कोण बघतंय? सुम्ने बिडु, राहू दे तसंच."

कापड टांगलं तेव्हा शेडमध्ये उजेड होता आणि पोरं अक्षरशः हात जोडून उभी राहिली. अप्पा खुर्चीत बसले, कानात कापूस घालून. मग दार लावलं आणि जांभळ्या ट्यूब पेटवल्या.

असल्या ट्यूबखाली साधे रंग दिसत नाहीत. त्याला चमकणारे रंग वेगळे मिळतात. हे मला माहीत होतं, पोरांनाही माहीत होतं, आणि रंगारी घरातल्या माणसाला रंगाबद्दल काय सांगायचं म्हणून कुणी बोललंच नाही. आमसुली काळा झाला, निळा काळा झाला, ठशांची वर्तुळं गडप झाली. आणि त्या अख्ख्या काळ्या भिंतीवर एकच गोष्ट पांढरीशुभ्र झळकत होती, अप्पांची कच्ची शिलाई. लांब, वाकडी, घाईघाईत घातलेली.

पोरांना वाटलं हीच नक्षी. शिट्ट्या वाजल्या. ठोका सुरू झाला, सगळे नाचायला लागले. मी अप्पांकडे बघितलं. शिंप्याची कच्ची शिलाई लोकांनी बघणं म्हणजे काय ते शिंप्याच्या घरातच कळेल. गिऱ्हाइकाला कपडा देताना एक पांढरा दोरा राहिला तर अप्पा रस्त्यात धावत जाऊन काढायचे. ते उठले, खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली, तिच्यावर चढले आणि नखानं दोरा ओढायला लागले.

एक रेघ विझली. मग दुसरी. पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. "अंकल! अंकल!" असा गजर सुरू झाला. अप्पा दोरा ओढतायत, भिंत एका बाजूनं काळी होतेय, मागे बास धावतोय, आणि मी हसून हसून खाली बसले. शेवटी मीच जाऊन त्यांचा पाय धरला. "अप्पा, राहू दे. त्यांना आवडलंय."

ते वरून म्हणाले, "काय आवडायचं त्यात? ते कच्चं आहे गं."

पण उतरले. घरी येताना स्कूटरवर माझ्या मागे बसले, कानातला कापूस तसाच. मला वाटलं अजून लागून राहिलंय. कापूस काढून म्हणाले, "तुझं ते संगीत वाईट नाही, बरं का. टाका एकसारखा पडतोय त्याचा." या संगीतावर मी बरंच वाचलंय. याहून नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. दुपारचे जेवले, आडवे झाले, उठले नाहीत. सगळं रीतसर झालं. मी कामावर जाऊ लागले, भाज्या आणू लागले, कोणी विचारलं तर "आहे, ठीक" म्हणू लागले. संध्याकाळी आल्यावर ट्रान्स लावायची. चढण यायची, ठोका काढून घ्यायचे, परत आणायचे. मी ऐकत बसायची, कुणी दुसऱ्याच्या लग्नाची सीडी दाखवावी तशी. मला वाटलं आवाज कमी पडतोय. म्हणून वाढवला. मग अजून वाढवला. शेजारच्या बाई बेल वाजवून गेल्या. आत्या रोज म्हणायची, "साकु गं, पुरे, भिंती हालायल्यात. कमी कर की." आणि मी रोज विचारायची, "कुठे मोठा आहे?" मी तिला चिडवत नव्हते. मला खरंच मोठा वाटत नव्हता. कशाचंच काही वाटत नव्हतं. वडील गेले आणि त्यांच्याबरोबर ती पोटातली जागाही गेली, आता राहिलेलं आयुष्य असंच, याची मला भीती वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

जागेच्या मालकाच्या मुलाला दुकान हवं होतं, म्हणून ते आम्ही रिकामं केलं. मशीन एका ओळखीच्या शिंप्याला दिली. ठसे घरी आणले. गाठोड्याच्या तळाशी ते कापड निघालं, चौघड्या घालून ठेवलेलं, पार्टीनंतर पाण्यात न घातलेलं. आत्या म्हणाली, "काळं-निळं ते, काय करायचं घरात ठेवून? कामवालीला देऊन टाक."

मी म्हटलं देते. देण्याआधी शिलाई किती उरलीय ते बघावं, एवढंच मनात आलं. पार्टीची एक जांभळी ट्यूब आमच्या माळ्यावर पडून होती. रविवारी दुपारी आत्या झोपली तेव्हा खोलीचे पडदे ओढले, कापड कपाटावरून सोडलं, ट्यूब आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावले, त्या बोर्डाची वायर भिंतीत खोचली. फोन वायरीनं जोडून त्या दिवशीचाच ट्रॅक लावला. आवाज हल्ली रोज असायचा तेवढाच मोठा ठेवला.

ट्यूब दोनदा लुकलुकली आणि पेटली. कापड काळं. अर्ध्या भागात अप्पांनी उसवलेलं, अर्ध्या भागात पांढऱ्या रेघा अजून होत्या. बघितलं. झालं. ठोका चालू होता, मला काही होत नव्हतं. खाली एक दोरा लोंबत होता तो ओढावा म्हणून कोपरा हातात घेतला आणि उलटा केला.

दुमडलेल्या मायेच्या आत एक पिवळं बोट पेटलं होतं.

हळद असल्या उजेडात चमकते हे मला माहीत नव्हतं. अंगठ्याएवढा ठसा, थोडा तिरपा. अप्पांच्या अंगठ्याला सुईनं पडलेली जुनी चीर होती, ती मधोमध काळी दिसत होती. सगळे रंग गेले होते आणि हे राहिलं होतं. तेवढ्यात ट्रॅकमध्ये ठोका काढून घेतला. मला पुढचं माहीत होतं, शंभरदा ऐकलेलं. तो परत आला तेव्हा मी दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसले.

आत्या दारात उभी होती. "अय्यो, अंधारात काय करतीस गं?" मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या कोपऱ्याकडे गेली. ती वाकली. "अण्णाचं बोट हे," ती म्हणाली. अप्पांना ती अण्णा म्हणायची.

"आत्या," मी ओरडले, कारण तिला ऐकू जाईना, "आवाज कमी कर. फार मोठा आहे. फार मोठा आहे गं."

तिनं त्या डब्याला जन्मात हात लावलेला नव्हता. कुठलं बटण ते तिला कळेना, आणि मला रडताना तिनं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. घाबरून तिनं भिंतीतला प्लगच उपसला. ठोका गेला. ट्यूबही गेली. कापड गेलं, बोट गेलं, नुसता अंधार.

"लाव," मी म्हटलं. "परत लाव. लाव ना गं आत्या."

ती अंधारात भिंत चाचपत राहिली. मग प्लग बसला, ट्यूब लुकलुकली, बोट होतं तिथेच पिवळं झालं, आणि त्याच्याबरोबर सगळं धाडधाड परत आलं, तेवढंच मोठं. आत्यानं पुन्हा प्लगकडे हात नेला. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही.