ताप उतरला म्हणून इंजेक्शन थांबवलं

पेनिसिलीन कारखान्याच्या वसाहतीतल्या मंडळींनो, मी तुमच्या दवाखान्यातला डॉक्टर. आज राहवलं नाही, म्हणून इथे फलकावर खडूने लिहितोय.

गेल्या महिन्यात एका चिमुरडीच्या घशात पू झाला होता. दहा दिवस रोज पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायला या, असं तिच्या आईबापाला बजावलं होतं. ताप उतरला आणि त्यांचं येणं बंद झालं.

आज बाप तिला कडेवर घेऊन आला. गुडघे सुजलेले, धाप लागलेली.

"मधेच का थांबलात?"

"ताप न्हाई, मग औषद कशाला वाया घालवायचं, डाक्टरसाहेब? कारखान्यात बाटल्यांत आमीच भरतो ते. थेंबभर सांडू देत न्हाई."

घशाचं अर्धवट बरं झालेलं दुखणं सांध्यांतून हृदयापर्यंत गेलंय. तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तुम्हीच भरलेलं औषध तुमच्याच लेकराला पुरतं देताना हात का आखडतो?