सलाईनची सूज

आज सकाळी आईने माझ्या हातात बांगडी चढवून पाहिली, तर ती सहज गेली. बाळंतपणात खूप रक्त गेलं तेव्हा आधी सलाईननेच मला तगवलं, पण मग अंगभर सूज आली. "इतकं रक्त गेलं की शरीर आतून चिडतं. त्यात सलाईन जास्त झालं तर त्याच्यावरही चिडून आणखीच सुजतं. म्हणून द्यायला रक्त मिळताच सलाईन कमी केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला हसू आलं. जीव वाचवायला धावून आलेल्यावरच चिडायचं, हा तर अगदी माझा स्वभाव! आई उशाशी बसून डोकं चेपायची आणि मी तिच्यावरच खेकसायचे.

आज मात्र मी बांगडी वाजवत गप्प पडून होते. आईने घाबरून माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "काय गं, बरं वाटत नाहीये का?"