तकरार नव्हे, तहरीर

पोलीस ठाण्यात जाऊन भांडण करायची रीतसर परवानगी मागणारी बाई लखनौत आजवर एकच झाली असेल, आणि ती मी. तेव्हा आम्ही आलमबागला राहायचो, ह्यांची रेल्वेतली नोकरी चालू होती, आणि उत्तरेत सात-आठ वर्षं काढल्यामुळे आपल्याला हिंदी येतं अशी माझी ठाम समजूत होती. अमीनाबादहून अस्तराचं कापड घेऊन रिक्षाने परतताना मागून मोटरसायकल आली, मानेला हिसका बसला, आणि सासूबाईंनी स्वतःच्या गळ्यातलं काढून मला घातलेलं मंगळसूत्र गेलं. मी तशीच वाटेतल्या एका ठाण्यात शिरले आणि पदर खोचून म्हणाले, “मुझे तकरार करनी है!”

आपली साधीसुधी तक्रार हिंदीत गेली की तिचं भांडण होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लिहायला बसलेल्या मुन्शीजींनी पेन खाली ठेवलं. “बहनजी, तकरार तो घर जाकर भाईसाहब से कीजिए.” सगळं ठाणं हसलं. मी इतकी ओशाळले, की मग त्यांनी जे काही लिहिलं त्यावर न वाचता सही ठोकली, आणि वर “थँक्यू भैया” म्हणून त्यांनी शिक्का मारून दिलेला कागद घेऊन बाहेर पडले. कागदावर होतं : भीड़ में कहीं गिर गया.

तो कागद पहिल्यांदा वाचला आमच्या शेजारच्या आपांनी. आपा कोर्टकचेरीत तीस वर्षं टाइपिस्ट होत्या, आणि वाचल्याशिवाय कागद खाली ठेवणं त्यांना श्वास रोखून धरण्याइतकंच अशक्य होतं. पोस्टमनच्या यादीवर सही करण्याआधी त्या वरच्या चार बिऱ्हाडांच्या नोंदीही वाचून काढत. गॅसचा सिलिंडर तोलल्याशिवाय त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडत नसे. ईदला शेवया पाठवल्या तर सोबत चिठ्ठी असे, ‘एक कटोरा, मय ढक्कन, प्राप्त हुआ’, म्हणजे झाकणासकट पोचल्याची पावती, आणि त्यावर मी सही केल्याशिवाय कटोरा माझ्या हातात पडत नसे. दुकानात ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ अशी पाटी दिसली की त्या तिच्याखाली उभ्या राहून ती मोठ्यांदा वाचत आणि दुकानदाराला विचारत, “बड़ी उम्दा लिखावट है. मगर यह क़ानून बनाया किसने?” आवाज कधी चढला नाही. लखनवी अदबीने त्या समोरच्याला असा घाम फोडत, की बिचारा माल परत घेताना त्यांचेच आभार मानायचा.

माझा कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “गिर गया? आपने गिराया?” मी म्हटलं, जाऊ द्या आपा, काय फरक पडतो. “गिरी हुई चीज़ का चोर नहीं होता, बहन. फिर ढूँढेंगे किसको?” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिसकावणाऱ्याला मी माझ्या सहीनिशी मोकळा सोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात बसल्यापासून त्यांनी माझी उजळणी घेतली. ठाण्यात द्यायच्या लेखी तक्रारीला इकडे तहरीर म्हणतात. “तकरार नहीं, तहरीर. कहिए.” मी म्हणत होते, आणि रिक्षावाला वळूनवळून बघत होता. ठाण्यात पोचल्यावर आपा बोलतील म्हणून मी त्यांच्या मागे उभी राहिले, तर त्या बाकावर बसून विणकाम काढून मोकळ्या! “वाक़या आपके साथ हुआ है, आवाज़ भी आपकी होगी.”

“मुझे तहरीर देनी है,” मी म्हणाले. “मंगलसूत्र गिरा नहीं, छीना गया.”

“कल तो आपने ख़ुद दस्तख़त किए थे,” मुन्शीजी म्हणाले.

मी आपांकडे पाहिलं, तर त्या सुईवरचे टाके मोजत होत्या. “बिना पढ़े किए थे,” मी म्हणाले. “आज पढ़कर करूँगी.”

साहेब नाहीत, उद्या या, असं झालं. आम्ही बसून राहिलो. दुपारी माझी थालीपिठं निघाली. आपांनी त्यातलं एक मुन्शीजींनाही देऊ केलं, रुमालात घालून. चार वाजता मी उठले आणि पढवल्याप्रमाणे म्हटलं, “आप नहीं लिखेंगे तो यही तहरीर डाक से बड़े साहब को जाएगी.” थालीपीठ खाल्लेल्या माणसाला आणखी किती ताणवणार? त्यांनी रिपोर्ट लिहिला, वाचून दाखवला. ‘शायद’ हा एक शब्द मी खोडायला लावला आणि मगच सही केली. एक प्रत मागून घेतली. ती फुकट मिळते आणि मिळायलाच हवी, हे मला त्या दिवशी कळलं.

मंगळसूत्र काही मिळालं नाही. ती प्रत मात्र पैठणीच्या घडीत आहे, लखनौच्याच वृंदावन योजना या नव्या वसाहतीतल्या घरातही. नात विचारते, “आजी, ये क्या रखा है?” मी सांगते, सासूबाईंचं मंगळसूत्र.

आपा आता बरेलीला लेकीकडे असतात. नावं निसटतात त्यांची. गेल्या आठवड्यात फोनवर मी तीनदा माझं नाव सांगितलं, ओळख पटेना. शेवटी म्हटलं, “आपा, मैं… तकरारवाली.” मग जुना, अदबशीर आवाज आला :

“अच्छा, आप! वह कॉपी सँभालकर रखी है न, बहन?”