लाखेवरची चार भोकं

काल लेकीचं पार्सल टाकायला पोस्टात गेलेलो, तिथे कोणीतरी लाख वितळवत होतं. तो जळका वास नाकात शिरला आणि बाळकुमच्या नाल्याचं टेंडर आठवलं. मी चौथी शिकलेला, पण नालेसफाईत केस पिकलेले. टेंडरचं पाकीट बंद करताना गरम लाखेवर शर्टाचं बटण दाबायचो, चार भोकं उमटायची, तीच माझी मोहोर. त्या साली हे काम हुकलं असतं तर माझे मजूर रिकामे बसले असते. पाकिटं उघडायला पालिकेत आम्ही सगळे ठेकेदार साहेबांच्या टेबलाभोवती उभे. साहेबांनी माझं पाकीट उचललं, बघतो तर लाख गुळगुळीत! "साहेब, हे कोणीतरी उघडून परत चिकटवलंय." "काका, आत सही तुमचीच आहे ना? मग झालं." शेजारी नगरसेवकाचा मेव्हणा मावा चघळत उभा होता. जन्मात फावडं न धरलेल्या त्या माणसाचा दर माझ्यापेक्षा बरोब्बर एक रुपयाने कमी निघाला. जिन्यात त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "काका, रागावू नका हो. नाला तुम्हीच साफ करा, बिल फक्त माझ्या नावाने." मी हात झटकला आणि खाली उतरलो. गेटापाशी माझी माणसं वाट बघत बसलेली. त्यांची तोंडं बघितली आणि तोच जिना परत चढून "बरं" म्हणालो. पुढे महिनाभर कमरेएवढ्या गाळात उभा राहिलो, तेव्हा किळस आली नाही. काल त्या लाखेच्या वासाने आली, पार्सल तसंच काखेत मारून घरी आलो.